तलावाच्या पाळीवरची लढाई

कोसाराजा वामनगुरुजींच्या अंगणात सकाळपासून कितव्यांदा तरी जिंकला.

या खेपेला राजा झाला होता शेजारच्या लहानूचा पोरगा. आजीचं लुगडं त्याने झग्यासारखं गुंडाळलं होतं आणि डोक्यावर पितळी चाळणी ठेवली होती. शत्रूचे सरदार धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्याला टेकून मरून पडले होते आणि मेल्या मेल्या मुरमुरे खात होते. गुरुजींची नात गुलाब उखळावर उभी राहून विजयी वीरांवर झेंडूची फुलं उधळत होती. दुसऱ्या दिवशी खऱ्या शूटिंगमध्ये तिला हेच करायचं होतं, त्यामुळे तिचा सराव जोरात चालला होता.

गुरुजी ओसरीवर शिंदीच्या पानांचा झाडू बांधत बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हात रिकामे राहिले की त्यांना करमत नसे.

"कोन जितलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोसाराजा!" मेलेल्यांसकट सगळी पोरं ओरडली.

"आन मी तुमाले पाळीवर नेलं होतं, तवा काय सांगतलं होतं?"

गुलाब उखळावरून खाली उतरली. "हरला म्हून सांगतलं होतं. पन आजोबा, ते शाळेतलं होय. सिनेमात जितते. कर्णिकसाहेबानं मले सोताच सांगतलं."

"मंग खरं कोनतं?"

गुलाबने फुलांची टोपली या हातातून त्या हातात घेतली. प्रश्न अवघड असला की ती असंच करायची. मग म्हणाली, "जे दिसते ते."

पोरं पुन्हा लढायला पळाली. गुरुजींच्या हातातली शिंदीची दोरी मात्र तशीच राहिली. पृथ्वी गोल आहे तर खालची माणसं पडत का नाहीत, असं पोरं विचारत. तेव्हा त्यांनी लिंबावर मुंग्या सोडून दाखवल्या होत्या. या उत्तरावर दाखवायला मात्र त्यांच्याकडे लिंबूही नव्हतं आणि मुंगीही नव्हती.

दिवाळीची सुटी संपली की गुरुजी चौथीचा वर्ग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेत. निवृत्तीनंतरही नव्या मास्तरांनी ही प्रथा त्यांच्याकडेच ठेवली होती. मोहाच्या झाडाखाली पोरांना बसवायचं, एका बाजूला पाण्याने भरलेला तलाव आणि दुसऱ्या बाजूला धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, दाखवायच्या आणि विचारायचं, "हे पानी इथी कोनं थांबवलं?" मग गोष्ट सुरू व्हायची. पलीकडच्या टेकाडावर कोसा नावाच्या गोंड राजाची गढी होती. हा तलाव त्यानेच बांधवला. एका साली शत्रूची फौज आली. गढी काही केल्या पडेना, तेव्हा शत्रूने निरोप धाडला, की गढी दे, नाहीतर तलावाची पाळ फोडतो. धान तेव्हा पोटरीवर आलं होतं. राजाने रात्रभर विचार केला आणि सकाळी गढीचं दार उघडून तो तलवार खाली ठेवून बाहेर आला. गढी गेली, राज्य गेलं, तलाव राहिला. "आपन त्याच्या हरन्यावर जेवून राह्यलो, पोट्टेहो," असं म्हणून गुरुजी गोष्ट संपवत. मग पोरं पाळीवरची माती कपाळाला लावून, मारामारी करत घरी जात.

आता त्याच गोष्टीचा सिनेमा होत होता, आणि सिनेमातला राजा जिंकत होता.

ही सगळी धाकट्या मुलाची, होमराजची करणी. मास्तरकीची नोकरी चालून आली असताना त्याने चंद्रपुरात व्हिडिओचं दुकान टाकलं होतं. त्यावरून बापलेकांत धरलेला अबोला गेल्या पोळ्याला कुठे सुटला होता. जुनी गढी, तलाव आणि जंगल एकाच ठिकाणी शोधणारी मुंबईची कंपनी त्याला दुकानातच भेटली आणि त्याने ती थेट गावात आणली. खरी गढी म्हणजे आता दगडांचा ढीग. त्यामुळे कंपनीच्या माणसांनी तलावाच्या पाळीला लागूनच बांबू, तट्टे, गोणपाट आणि माती यांची नवी गढी उभी केली. ती खऱ्या गढीपेक्षा खरी दिसत होती.

होमराजने सैन्यही जमवलं. राजाची फौज वरच्या पारडीची, म्हणजे आपल्या गावाची. शत्रूची फौज खालच्या पारडीची. त्याला वाटलं, सोयीचं काम झालं. बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसलं नसतं. पण एकाच तलावाचं पाणी आधी वरच्या पारडीला आणि मग खालच्या पारडीला जात होतं. पाणी सोडण्याच्या वेळेवरून दोन्ही गावांत बोलाचाली झाली नाही असं एक साल जात नव्हतं. त्यात मागच्या शंकरपटाच्या शर्यतीत खालच्या पारडीच्या बैलजोडीने वरच्या पारडीची नाचक्की केली होती.

आणि गुरुजींची मुलगी कमळा खालच्या पारडीतच दिली होती.

संध्याकाळी कमळा मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, माहेरी आली. सोबत तिचे सासरे लटारूभाऊ होते. मासोळीचा रस्सा आणि नवा भात असं जेवण होतं. पानं वाढली न वाढली तोच गुरुजींनी विषय काढला.

"होमराज, मी कर्णिकसाहेबाशी बोलनार हावो. राजा हरला पायजे."

"बाबाजी, असं कसं?" होमराजचा घास हातातच राहिला. "हिरो मुंबईहून आला, तो काय हराले आला? लोक खुर्च्या फेकून मारन."

"त्या टुरिंग टाकीजात खुर्च्या कुठी हायेत? पोत्यावर तं बसते सगळे," थोरला देवाजी म्हणाला. शेती तोच पाहायचा. "बाबाजीचं बरोबर आहे. जे झालं ते दाखवा. उगाच आपल्या मनचं कायले?"

गुरुजींच्या पत्नी गिरजाबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांच्या घरचे पितळी हंडे राणीच्या महालासाठी गेले होते आणि हिरोने स्वतः त्यांना वाकून नमस्कार केला होता. "इतका सुंदर राजा हरताना पाहवन का मायबाई?" त्या म्हणाल्या. "जितू द्या ना. तुमच्या बापाचं काय जाते?"

"तुमी दोघं तिकडे, आमी दोघं इकडे," गुरुजी म्हणाले. "इवाई, तुमी बोला."

लटारूभाऊंना वादात फारसा रस नव्हता. ते मासोळीचा काटा काढण्यात गढले होते. "आमाले काय? आमी शत्रू हावो. शत्रूचं काय होते सिनेमात?"

"तुमी सगळे मरता, मामाजी," कमळा म्हणाली.

"आन खरोखर काय झालं होतं?"

"खरोखर तुमी जितले होते."

लटारूभाऊंनी काटा ताटात ठेवला. "म्हंजे खालची पारडी जितली होती?"

"तवा खालची पारडी नव्हती, भाऊ," गुरुजी म्हणाले. "शत्रूची फौज होती."

"आता आमीच फौज हावो ना! मंग?" लटारूभाऊ मांडी बदलून ताठ बसले. "होमराजबाबू, इतिहासात असा हात घालाचा नाई. गुरुजी काय खोटं सांगते? जे झालं तेच दाखवाले पायजे! शास्त्रानं, पुराव्यानं!"

देवाजीने वाटी खाली ठेवली. "एक मिनिट. म्हंजे राजा हरला, तं वरची पारडी खालच्या पारडीपुढे हरते? साऱ्या जिल्ह्यात, टाकीजात, पडद्यावर?"

"शंकरपटात नाई का हरली?" लटारूभाऊ म्हणाले.

"बाबाजी," देवाजी बापाकडे वळला, "मी काय म्हनतो, सिनेमा शेवटी सिनेमा असते. थोडंफार इकडचं तिकडं चालते."

"अरे, आत्ता तं तू माझ्या बाजूनं होता!"

"होतो. पन पुरी गोष्ट ध्यानात नव्हती आली."

कमळा तोंडाला पदर लावून हसत सुटली. तिला माहेर वरच्या आणि सासर खालच्या पारडीत. "मले इचारा ना कोनी," ती म्हणाली. "मी म्हनतो, पयले जेवा. दोन्ही फौजा उपाशी मरन."

गुरुजींनी भातावर रस्सा घेतला. खऱ्याच्या बाजूला आता फक्त लटारूभाऊ उरले होते, आणि तेही कशासाठी, हे दिसतच होतं. त्यांना हसू आलं, पण घास गोड लागेना.

चूळ भरून माणसं ओसरीवर आली, तोच सिनेमाचे दिग्दर्शक कर्णिकसाहेब आले. उंच, सडपातळ, गळ्यात रुमाल, बोलायला मोकळा माणूस. गिरजाबाईंनी चहा आणि अनारसे ठेवले. गुरुजींनी घसा साफ केला. वर्गात परीक्षक आले की ते असेच बोलत, नीट, पुस्तकी.

"साहेब, राणीला नऊवारी नेसवा नाहीतर झगा घाला. गाणी घाला. तेव्हा नसलेले घोडे आणा. माझी काही तक्रार नाही. फक्त शेवट तेवढा बदलू नका."

"गुरुजी, शेवट हाच तर सिनेमा असतो," कर्णिक हसून म्हणाले. "तुमची गोष्ट मला फार आवडली. खरंच. पण दार उघडून तलवार खाली ठेवणारा राजा दाखवला, तर माणूस घरी जाताना काय घेऊन जाईल?"

"तलाव," गुरुजी म्हणाले.

कर्णिकांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या पोरांना तलाव समोर दिसतो. माझ्या प्रेक्षकाला अंधारात पडदा दिसतो. पडद्यावर त्याला टाळी वाजवायला जागा लागते. मी इतिहास शिकवत नाही, गुरुजी. माणसांचा एक दिवस चांगला जावा एवढंच करतो. तेही वाईट काम नाही."

"वाईट नाही," गुरुजी मनापासून म्हणाले. "माझ्या पोरांचाही चांगला जातो, असं मला वाटतं."

"नक्की जात असेल. पण तुमच्या वर्गात किती पोरं बसतात? हा सिनेमा एका गावच्या मंडईत लागला तरी..." कर्णिकांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना टोचायचं नव्हतं.

पण गुरुजींना हिशेब कळला. आयुष्यभर पाळीवर बसवलेली सगळी पोरं एकत्र केली तरी एका तंबूत मावली असती. आणि तो तंबू गावोगाव फिरणार होता. मोहाखाली सांगितलेली गोष्ट किती दिवस पुरणार? गुलाबला तर आताच पुरेनाशी झाली होती.

गुलाब त्यांच्या मांडीला टेकून अनारसा खात होती. "आजोबा, उद्या तुमी येसान ना? मी फुलं फेकतो ते पाहाले?"

"काऊन नाई?" गुरुजी म्हणाले. "तू असल्यावर येनारच."

सकाळी पाळीवर जत्रा लोटली होती. वरच्या पारडीचे लोक पिवळे अंगरखे घालून उभे होते, खालच्या पारडीचे निळे. लाकडी तलवारींना चंदेरी रंग होता. ढाली पत्र्याच्या होत्या आणि ऊन पडलं की चकाकत. शत्रूचा सेनापती म्हणून मिशा बघून पोचू मडावींना निवडलं होतं. खऱ्या गढीच्या दगडांवर दर साली दिवा लावण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गुरुजींना बघून ते शिरस्त्राण सावरत जवळ आले.

"पोचूभाऊ, तुमी तं राजाच्या बाजूचे! तुमी शत्रू?"

"राजा गोरा पायजे म्हनते," पोचूभाऊ गंभीरपणे म्हणाले. मग मिशीतून हसले. "पन मले घोडा भेटला. राजाच्या बाजूनं असतो तं भेटला असता का?"

घोडे नागपूरहून आणले होते, वरातीचे. लढाईचा नगारा वाजला की ते नाचायला लागत. हिरोचा घोडा तर रणांगणाच्या मधोमध मागचे पाय रोवून असा थिरकला, की गिरजाबाईंच्या तोंडून "नवरदेव आला!" असं निघून गेलं आणि पाळीवरची बायामाणसं हसून हसून खाली बसली.

पण खरी अडचण घोड्यांची नव्हती. खालची पारडी मरायला तयार नव्हती.

"कट!" कर्णिक पुन्हा ओरडले. "अहो काका, तलवार लागली की पडायचं!"

"लागलीच नाई," लटारूभाऊ म्हणाले. "देवाजीची तलवार मी ढालीवर घेतली. साऱ्यायनं पाह्यलं."

"भाऊ, पडा ना," देवाजी दात आवळून म्हणाला. "माझ्या बहिनीचे सासरे हा, म्हून हळू मारून राह्यलो."

"जोरानं मार ना मंग! खालच्या पारडीचा मानूस असाच नाई पडत."

नगारा वाजे, घोडे नाचत, पिवळे धावत, निळे धावत, आणि दर वेळी निळेच पुढे सरकत. एकदा तर त्यांनी हिरोलाच गढीच्या दारापर्यंत मागे रेटलं. हिरोचा टोप तिरपा झाला. शेवटी कर्णिक रुमालाने कपाळ पुसत गुरुजींपाशी आले. त्यांच्या हातात बोलायचा भोंगा होता.

"गुरुजी, मला कळतंय की हे मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही. पण ही सगळी तुमची पोरं आहेत. तुमचं ऐकतील. मला हा एक शॉट द्या."

गुरुजींनी भोंग्याकडे पाहिलं. आपली गोष्ट त्यांनी ज्या पाळीवर सांगितली, त्याच पाळीवरून त्यांनीच ती उलटी करायची होती. होमराज बापाकडे बघत होता. त्याने आणलेलं काम होतं. आणि गढीच्या दाराशी मुलींच्या रांगेत गुलाब टोपली घेऊन उभी होती. सकाळपासून तिची फुलं सुकत चालली होती, कारण राजा जिंकतच नव्हता.

त्यांनी भोंगा घेतला.

"पोट्टेहो," त्यांचा आवाज पाळीवरून घुमला आणि मिशा पिकलेली माणसंही ताठ उभी राहिली. "हा खेळ होय. खेळात कोनी तरी हरते. कोसाराजाचं खरं काय झालं ते मी तुमाले सांगतलं आहे. ते तुमच्यापाशी आहे, ते कोनी नेत नाई. आता खेळ नीट खेळा. लटारूभाऊ, इवाई म्हून हात जोडतो, मरा."

लटारूभाऊंनी मोठा उसासा टाकला. "गुरुजी म्हनते म्हून. देवाजीच्या हातून नाई मरत, गुरुजीच्या शब्दानं मरतो."

होमराजने डोळ्यांवरून हात फिरवला. धूळ गेली असावी.

नगारा वाजला. या खेपेला लढाई अशी झाली, की गुरुजीही आपलं दुःख विसरून बघत राहिले. निळे पटापट पडू लागले. कोणी हात वर करून, कोणी गिरकी घेऊन पडला. पोचूभाऊ घोड्यावरून इतके झोकात पडले, की टाळ्या पडल्या. वरच्या पारडीचा लहानूही निळ्यांतच होता, कारण निळे कमी भरले होते. तो पाळीवरून गडगडत शेताच्या अंगाला खाली गेला आणि बांधीच्या कडेला उताणा मेला. हिरो घोडा नाचवत गढीच्या दारात आला. मुलींनी फुलं उचलली.

तेवढ्यात मेलेला लहानू उठून बसला.

"कट! मेलेला माणूस उठला!" कर्णिक ओरडले.

लहानू पाठ चाचपत होता. अंगरखा ओलाचिंब झाला होता. त्याने खाली पाहिलं, पाळीकडे पाहिलं, आणि सिनेमात कोणालाही पाठ नसलेलं वाक्य तो ओरडला.

"पाळ गळून राह्यलीऽऽ!"

गढीच्या दारासाठी पाळीत खांब रोवले होते. तिथे खेकड्यांची बिळं असतात, असं देवाजीने आधीच सांगितलं होतं, पण खांबच ते, असं म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. सकाळपासून घोडे त्याच जागी नाचले होते. आता खांबाच्या बुडातून पाण्याची बोटभर धार सुटली होती. बघता बघता ती मनगटाएवढी झाली. खाली उशिरा पिकणारं भारी धान उभं होतं, लवकरचं हलकं कापून बांध्यांत पसरलं होतं, दोन्ही गावांचं.

सगळे मेलेले एकदम जिवंत झाले.

तलवारी पडल्या. पिवळे आणि निळे एकाच जागी धावले. ढाली उलट्या करून त्यांनी त्यांत माती भरायला सुरुवात केली. पोचूभाऊ शिरस्त्राणानेच चिखल उपसू लागले.

"खालून नाई! पान्याच्या अंगानं बुजवा!" गुरुजी भोंग्यातून ओरडले. "तोंड तिकडे आहे!"

लटारूभाऊंनी अंगरखा फेकला आणि तलावात उडी घेतली. पाण्याखाली चाचपत त्यांनी बिळाचं तोंड शोधलं आणि त्याला पाठ लावून ते चक्क बसले. गळ्याइतक्या पाण्यात त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, त्यावर कंपनीने काढलेला शत्रूचा काळा टिळा.

"बसलो! आता टाका!"

"भाऊ, तुमाले धरून बुजवू का?" देवाजी वरून ओरडला.

"माझ्या आंगावर टाक ना! मघा तं मोठा माराले येत होता!"

माती पडत होती, पण पाणी ती वाहून नेत होतं. धानाचं तणस, तट्टे, गोणपाट, काहीतरी अडवणारं हवं होतं, आणि गाव दूर. देवाजीने मागे वळून पाहिलं. बांबू, तट्टे आणि गोणपाट यांची अख्खी गढी तिथेच उभी होती. कंपनीने किती दिवस खपून उभारलेली.

तो चिखलाने माखलेला कर्णिकांपुढे उभा राहिला. "साहेब, गढी पायजे."

कर्णिकांनी गढीकडे पाहिलं. मग खालच्या धानाकडे. गुरुजींच्या हातातला भोंगा खाली आला. हे त्यांनी किती तरी पोरांना सांगितलं होतं, पण पाहिलं कधीच नव्हतं.

"घ्या," कर्णिक म्हणाले.

गढी पडायला वेळ लागला नाही. पिवळ्यांनी बुरूज ओढले, निळ्यांनी तट फाडला. हिरो घोड्यावरून उतरला, टोप काढून त्याने घोड्याच्या खोगिराला अडकवला आणि दाराचं एक फळकूट खांद्यावर घेतलं. गिरजाबाईंनी राणीच्या महालातले आपले हंडे आणून मातीने भरून दिले. गुलाबने टोपलीतली फुलं ओतून टाकली आणि टोपलीत चिखल भरला. तट्टे आडवे लागले, गोणपाट ठासलं, त्यावर माती आणि त्या मातीवर दोन्ही गावांचे पाय. धार मनगटाची बोटाची झाली आणि मग नुसती ओल उरली.

"आता निघू का?" पाण्यातून लटारूभाऊंनी विचारलं. "का आनखी इतिहास आहे?"

त्यांना वर ओढायला देवाजीच पुढे झाला. दोघेही पाळीवर आडवे पडले आणि हसत सुटले. मग सगळेच हसायला लागले. कुठला पिवळा आणि कुठला निळा, चिखलात काही ओळखू येत नव्हतं.

कॅमेरावाला अजून कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. "साहेब, तुम्ही कट म्हटलं होतं, पण मला थांबवेना," तो कर्णिकांना म्हणाला.

कर्णिक पाळीवर गुरुजींच्या शेजारी बसले. बुटांत पाणी गेलं होतं. "गुरुजी, आता जिंकायला माझ्याकडे गढीच राहिली नाही," ते म्हणाले आणि त्यांनाही हसू आलं. "मुंबईचे शेठ काय म्हणतील, कोण जाणे. पण हे जे झालं ना, हे मला लिहून सुचलं नसतं."

"मलाही," गुरुजी म्हणाले. "मी नुसतं ऐकलेलं सांगत होतो. चहा घ्याल ना? अनारसे उरले आहेत."

सिनेमात काय राहील आणि काय कापलं जाईल, यावर परतताना वाटेतच होमराज आणि देवाजीची जुंपली. "खालच्या पारडीच्या लोकायनंच पाळ वाचवली असं दिसन," लटारूभाऊ ओले कपडे पिळत म्हणाले, आणि कमळाने कपाळाला हात लावला.

दिवस मावळता मावळता गुरुजी ओसरीवर येऊन बसले. झाडू अर्धाच राहिला होता. अंगणात पोरांनी रांजणाजवळचं पाणी अडवून चिखलाची पाळ घातली होती. पुंजण्यापाशी खूप गलका चालला होता. पितळी चाळणी या हातातून त्या हातात फिरत होती आणि कोणीच ती घालायला तयार नव्हतं.

गुलाब धावत आली. तिचे केस चिखलाने वाळून ताठ झाले होते.

"आजोबा, त्या दिवशीबी असंच झालं होतं का?"

"मी तिथी नव्हतो बाई," गुरुजी म्हणाले. "पन असंच काईतरी झालं असन. नाईतर हा तलाव राह्यला नसता."

तिने जरा विचार केला. मग चाळणी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मंग तुमी राजा व्हा. लहानूकाकाचा पोट्टा नाई म्हनते, हरा लागते म्हून."

"मी होतो ना. मले काय करा लागन?"

"तलवार खाली ठेवाची. आन गढी द्याची." ती बजावून म्हणाली. "रडाचं नाई."

गुरुजींनी चाळणी डोक्यावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि अंगणात गेले. पोरांच्या दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी हातातली काठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि मग हळूच जमिनीवर ठेवली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता सारे या," गुलाब ओरडली, "पाळ पक्की कराची आहे!"